एक्केचाळीस नंबरच्या बाटल्या

१

तिसऱ्या दिवशीच्या फोटोत त्या होत्या. सातव्या दिवशीच्या फोटोत नव्हत्या.

डॉक्टर रितिकाने दोन्ही फोटो माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले आणि उभीच राहिली. जानेवारीतला सोमवार होता, थंडी खिडकीच्या फटीतून आत येत होती, तरी तिच्या कपाळावर घाम होता.

पहिल्या फोटोत आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी दगडांच्या ढिगासारख्या दाटीने बसलेल्या. त्यांच्या भोवती लांबट, निमुळत्या पेशी, विंचरलेल्या बटांसारख्या. ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालून जातं तशा. दुसऱ्या फोटोत नुसते दगड. ओढा आटलेला.

"गोपिकाताई, पाच महिने हे फोटो कॉम्प्युटरमध्ये होते," ती म्हणाली. "आम्ही कुणी शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत."

या दवाखान्यात काही बिघडलं, हरवलं, चुकलं की चौकशी माझ्याकडे येते. पण त्याआधी वीस वर्षं मीही लॅबच्या टेबलाशी बसले आहे, त्यामुळे त्या लांबट पेशी माझ्या ओळखीच्या होत्या. अंगातलं सगळं जोडून, सावरून धरणाऱ्या पेशी. कुठे फाटलं की धावत येतात, धागे विणतात, जखम शिवतात. त्यांच्या मनात पाप नाही. पण गाठ त्यांना जखमेसारखीच भासते. म्हणून त्या बिचाऱ्या तिच्याभोवती बसतात, तिला भरवतात, तिच्यावर पांघरूण घालतात, औषध आलं तर आडव्या येतात. गाठ वाढते ती यांच्या मायेवर.

रितिकाचं सगळं काम यावरच उभं होतं. गाठीच्या पेशी एकट्या वाढवून औषध तपासलं तर उत्तर खोटं येतं. या लांबट पेशींसकट वाढवा, मग तपासा, असं तिचं म्हणणं. रुग्णाच्या संमतीने नमुना घ्यायचा, दोन औषधांपैकी आधी कोणतं द्यायचं ते बाटलीला विचारायचं.

एक्केचाळीस नंबरच्या बाटल्यांनी सप्टेंबरात सांगितलं होतं: पहिलं औषध द्या. ते दिलं. जानेवारीच्या स्कॅनमध्ये रोग यकृतात पसरलेला दिसला. रितिकाने गोठवून ठेवलेला उरलेला तुकडा काढला, पुन्हा वाढवला, पुन्हा तपासलं. या वेळी लांबट पेशी बाटलीत होत्या, आणि पहिल्या औषधाने गाठीचा केससुद्धा वाकडा झाला नाही. दुसऱ्याने निम्म्या पेशी मेल्या.

"गुरुवारी उपचार ठरवणारी कमिटी बसते," रितिका म्हणाली. "एकाच लॅबचे दोन उलटे अहवाल. कोणता खरा, आणि पहिला का चुकला, हे सांगता आलं नाही तर ते औषध बदलणार नाहीत. आणि ताई, ते यकृत फार दिवस थांबणार नाही."

नंबरामागचं नाव लॅबमध्ये कुणाला कळत नाही. चौकशीपुरतं मला कळतं. मी नावाचं सीलबंद पाकीट फोडलं. भूमिका, वय एकतीस, पारशिवनीकडच्या एका शाळेत शिक्षिका.

मग मी त्याच फळीवरच्या एकोणचाळीस आणि चाळीस नंबरचे फोटो मागवले. त्या सगळ्यांमध्ये ओढा वाहत होता.

कुणीतरी एक्केचाळीस नंबरच तेवढा निवडला होता.

२

पियूष हा रितिकाचा संशोधक विद्यार्थी. बाटल्यांना दर दोन दिवसांनी ताजं जेवण, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, द्यायचं, फोटो काढायचे, हे काम त्याचं. पहिलं औषध चाललं तर त्याचा प्रबंध चालणार होता.

"पाचव्या दिवशी जेवण कोणी बदललं?"

"मीच मॅडम. वहीत सही आहे ना माही."

बाहेर पुष्पलता ट्रेमधली काचेची भांडी धूत होती. ती धुताना गुणगुणते; नळ चालू असला की तिचा आवाजही चालू.

*हिरव्या बांधीमधी, हिरवं हिरव्याले झाकी,*
*कोणतं उपटू बाई, कोणतं ठेवू बाकी...*

गाणं मध्येच थांबलं. "काहून खोटं बोलतं गा पियूष? गणपतीले गावाले गेला होता ना तू? दोन दिवस पत्ता नव्हता. मोदक घेऊन आला, तेबी फुटके."

पियूषचं तोंड उतरलं.

"मॅडम, आई म्हणे, आरतीले एक दिवस तं ये. सही मी आल्यावर केली." तो खुर्चीच्या टोकावर सरकला. "पण एक सांगतो. सहाव्या दिवशी आलो तं एकोणचाळीस अन् चाळीसचं जेवण पिवळं पडलं होतं, उपाशी राहिलं की पडते तसं. पण एक्केचाळीसचं गुलाबी होतं. एकदम ताजं. मले वाटलं, रितिका मॅडमनं बदललं."

"विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तं मी नव्हतो हे समजलं असतं ना."

रितिकाला विचारलं. तिला वाटलं होतं, पियूषने बदललं.

"पियूष, फोटो पाहताना पेशी कमी दिसल्या नाहीत तुला?"

"मशीन आकडा देते मॅडम, औषधानं किती पेशी मेल्या त्याचा. आकडा इतका सुंदर होता..."

सातव्या दिवशीच्या फोटोच्या कोपऱ्यात एक काळसर, धूसर ठिपका होता. मी बोट ठेवलं. "हे काय?"

"धूळ असंन. लेन्सवरची."

दहा बाटल्या, दहा फोटो. दहाही फोटोंत त्याच कोपऱ्यात ठिपका. त्याच दिवशी त्याच लेन्सने काढलेल्या एकोणचाळीसच्या फोटोत धुळीचा कण नव्हता.

मला काहीतरी आठवू लागलं. मी ते आठवू दिलं नाही.

३

"ज्याला वाईट करायचं होतं, त्याने बाटलीत ब्लीच ओतलं असतं," मी मंगळवारी रितिकाला म्हटलं. "इथे गाठीच्या पेशींना धक्काही लागलेला नाही. फक्त लांबट तेवढ्या गेल्या. हे कसं करतात?"

"ट्रिप्सिनने. पेशींची बाटलीवरची पकड सोडवणारं द्रावण. लांबट पेशी आधी सुटतात. नेमक्या वेळी तळव्याने बाटलीला थाप द्यायची आणि पाणी ओतून टाकायचं. अर्धा मिनिट जास्त झालं तर गाठीच्या पेशीही वाहून जातात." तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "पूर्वी या पेशींना सगळे कचराच समजायचे ना, म्हणून काढायचे. मी शिकले आहे. पण माझ्या दहातल्या तीन तरी बिघडतात. पियूषला तर येतच नाही. ताई, तुमचा संशय माझ्यावर आहे का?"

"दहापैकी एकही बिघडलेली नाही, रितिका."

तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव क्षणभर आला आणि लाजून परत गेला.

भैयाजींकडे मी शेवटी गेले. शेवटीच जायचं होतं मला.

चौतीस वर्षं या लॅबमध्ये. मूळचे कुहीकडचे, धानाच्या बांध्यांतले, भातशेतीतले. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवाली दुर्बीण आली आणि त्यांना पेशींचं जेवण बनवण्याच्या खोलीत बसवलं. मार्चमध्ये निवृत्त होणार.

"ये वं गोपिका. अफसर झाली तं रस्ता विसरली का?"

स्टुलावर बसून ते संत्रं सोलत होते. ते संत्रं सोलताना पाहावं. साल काढून माणसं फोड तोंडात टाकतात. भैयाजी फोडीवरचा एकेक पांढरा धागा नखाने अलगद ओढतात, फोड कंदिलाच्या काचेसारखी लख्ख होईस्तोवर. दोन फोडी त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. बाकीच्या डब्यात भरल्या, झाकण लावलं.

"गणपतीच्या आसपास तुम्ही पेशींच्या खोलीत गेला होतात?"

"मी काहून जाईन? मले तं त्या खोलीचं काम नाही आता."

"किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

"किल्ली साऱ्याइकडं आहे." ते डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवत राहिले. "तो पेशंट... वाचंल ना वं?"

"गुरुवारी कळेल," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

४

वॉर्डच्या दाराशी माया सिस्टर भेटली. "तुम्हीबी लॅबमधून आल्या का? तुमचे ते बाबा तं रोज येतात संध्याकाळी. पांढरा कोट घालून. सॅम्पल न्यायले."

"कसलं सॅम्पल?"

"ते मले काय माहीत? भूमिकाच्या खाटेपाशी बसतात घडीभर."

आमच्या लॅबला नमुना मिळतो तो ऑपरेशन थिएटरमधून. वॉर्डातून आजवर एक थेंबही आलेला नाही.

भूमिका उशीला टेकून शाळेच्या वह्या तपासत होती. डोळ्यांत हळद उतरलेली, हात काडीसारखे.

"पोरांनी पाठवल्या," ती हसली. "म्हणे मॅडम, तुमाले टाइमपास. सहावीचा वर्ग आहे, पण शुद्धलेखन पाहाल तं मले सुटीच नको वाटते."

"ऑपरेशन कधी झालं तुमचं?"

"मारबतीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक, अख्खं नागपूर पिवळ्या मारबतीले पाहाले इतवारीत, अन् माहं आतडं बंद. रस्ते अडवलेले. ॲम्ब्युलन्सवाला म्हणे, ताई, ढोल ऐकत पडा, फिरून जाऊ. डॉक्टर सांगत होते, त्या दिवशी सुटी, सारे ऑपरेशन पुढे ढकललेले. माहं एकटीचंच केलं."

एकटीचंच.

बाटलीवर नाव नसतं. नंबर असतो, आणि नमुना आल्याची तारीख. मारबतीच्या तारखेचा नमुना एकच असणार होता. जो भूमिकाला ओळखत होता आणि पेशींच्या खोलीत डोकावू शकत होता, त्याला नंबरामागचं नाव विचारायची गरजच नव्हती.

तिच्या उशाशी स्टीलचा डबा होता. तिने झाकण काढून माझ्यापुढे धरला. "घ्या ना. मले दोन फोडीच जातात."

आत संत्र्याच्या फोडी होत्या. लख्ख. एकाही फोडीवर धागा नव्हता.

"बाबा सोलून आणतात," भूमिका म्हणाली. "मी लहान होती तं धागा लागला की थुंकून टाकू. तेव्हापासून काढतात. माहं लग्न झालं तरी काढून राहिले. कोणाले सांगू नका हं, ते इथंच कामाले आहेत. नात्यातल्या माणसाचा नमुना असला तं लॅबमधून काढतात म्हणे, म्हणून माह्या नवऱ्याले, ऋषिकेशलेबी बोलू देत नाहीत ते. फॉर्मवर तं नवऱ्याचंच नाव."

फोड मी हातात घेतली. तोंडात टाकता आली नाही.

५

आता ते आठवलं पाहिजे, जे मी तीन दिवस आठवू दिलं नव्हतं.

मी बावीस वर्षांची होते. भैयाजींनी माझ्या हातात पहिली बाटली दिली. दुर्बिणीतल्या लांबट पेशी दाखवून म्हणाले, "हे तण आहे, पोरी. धानातबी असंच येते, धानासारखंच दिसते. वेळेवर निंदून उपटलं नाही तं पीक खाऊन टाकते." त्यांनी थाप द्यायला शिकवलं. किती जोराने? झोपलेल्या लेकराच्या पाठीवर थापटतो ना, तितक्या. आणि निंदून झालं की बाटलीच्या बुडाला, कोपऱ्यात, काळ्या पेनने एक ठिपका द्यायचा, म्हणजे दुसरं कुणी पुन्हा निंदणार नाही.

"नजर लागू नये म्हणून तीट लावतो म्हण," ते हसले होते.

दहा बाटल्या. दहा तिटा.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या खोलीचं दार ओढून घेतलं. "भैयाजी, मारबतीच्या दिवशी एकच नमुना आला."

नख संत्र्याच्या फोडीवर थांबलं.

"समजलं का तुले," ते म्हणाले. "नियम मोडला, मान्य आहे. पण सांगतो तुले. त्या दिवशी सहज डोकावलो. जेवण पिवळं पडलेलं. माही पोर उपाशी, अन् त्या पियूषचा पत्ता नाही. दुर्बिणीत पाहिलं तं तणच तण! सारी बांधी खाल्लेली. म्हटलं, असंच राहिलं तं टेस्ट फेल होते, मंग औषध कोणतं द्यायचं हे कोणाले समजंल? मंग निंदलं. दहाच्या दहा. हात जुन्यासारखाच चालला. एक पेशी इकडची तिकडं झाली नाही, पाह्य तू फोटोत!"

त्यांच्या आवाजात अभिमान होता. चौतीस वर्षांच्या हाताचा, आणि बापाचा.

"टेस्ट चांगली आली ना मंग? औषध भेटलं ना तिले?" ते माझ्याकडे पाहू लागले. "काहून चूप आहे तू?"

न सांगता अहवाल लिहिता आला असता का? अनोळखी व्यक्तीने, असं? कमिटीने विचारलं असतं: कोण, आणि कशावरून. मग पुढच्या गुरुवारी पुन्हा बैठक. भूमिकाकडे पुढचा गुरुवार नव्हता.

मी सांगितलं. जितकं हळू सांगता येईल तितकं. की आता त्या पेशी मुद्दाम ठेवतात. की गाठ अंगात कधीच एकटी नसते. की बाटलीत त्या होत्या तर बाटली खरं बोलली असती, पहिलं औषध चालणार नाही म्हणाली असती.

ते ऐकत राहिले. फोड त्यांच्या बोटांत चिरडली, रस मनगटावरून ओघळला. त्यांनी पुसला नाही.

"कोणी सांगतलं नाही मले," अखेर म्हणाले.

"मागच्या जूनमध्ये रितिकाने सभा घेतली होती. या नव्या पद्धतीवर."

"होती. चहा मीच दिला होता. सारं इंग्रजीत चालू होतं. मी कप ठेवले अन् दार ओढून घेतलं."

पुष्पलताचा नळ बाहेर वाहत होता. ती आज गात नव्हती.

"ते तण..." ते थांबले. "तेबी तिचंच होतं?"

"तिच्याच आतड्यातलं."

"बिमार होतं?"

"नाही. त्या पेशी चांगल्याच होत्या. जखम समजून आल्या होत्या. भरून काढायला."

भैयाजींनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"म्हणजे ते माह्यासारखेच," ते म्हणाले. "तिले वाचवू पाहत होते."

६

अहवाल मी रात्रीतून लिहिला. एक पान. सकाळी भैयाजी स्वतः आले, चष्मा काढून-घालून तो वाचला आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्याखाली पियूषनेही केली. मग रितिकाने.

कमिटीला दहा मिनिटं लागली. सप्टेंबरचा अहवाल रद्द, जानेवारीचा ग्राह्य, दुसरं औषध लगेच सुरू करावं. रितिका जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली, कागद हातात घेऊन.

वॉर्डात भूमिकाचे डॉक्टर सकाळचा रक्ताचा रिपोर्ट पाहत उभे होते. त्यांनी आमचा कागद वाचला, घडी घातली आणि रितिकाला परत दिला. यकृत आता कोणतंच औषध सोसणार नव्हतं. मागच्या सोमवारी कदाचित. डिसेंबरात नक्की. सप्टेंबरात तर...

"वाक्य पुरं करू नका," रितिका म्हणाली. पहिल्यांदाच मी तिला रडताना पाहिलं.

ऋषिकेश गाडी पाहायला गेला होता. पारशिवनीला घरी न्यायचं ठरलं. वह्यांचा गठ्ठा बांधलेला होता. भैयाजी खाटेजवळच्या स्टुलावर बसले होते, आज पांढरा कोट न घालता. साधा सदरा, वरचं बटण तुटलेलं. हातात संत्रं.

भूमिकाने मला खुणेने जवळ बोलावलं.

"सापडलं का मॅडम? कोणाचं चुकलं होतं?"

भैयाजींचे हात थांबले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, संत्र्याकडे पाहत होते.

"आम्हा सगळ्यांचं," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

तिने मान हलवली, जणू वर्गात एखाद्या पोराने बरोबर उत्तर दिलं. भैयाजींचं नख फोडीपर्यंत गेलं, मागे आलं. त्यांनी फोड पुढे केली, तिने तोंडात घेतली. हळूहळू चावली. गिळायला तिला फार वेळ लागला. मग ते सालींचा कागद टाकायला बाहेर गेले.

"मॅडम," ती कुजबुजली, "एक काम कराल? बाबाले चष्म्याच्या डॉक्टरकडं न्या. नाही म्हणतील, तरी न्या. मी नसली तं कोण सांगंन त्याहीले."

"का? काय झालं?"

तिने डबा माझ्याकडे वळवला. फोडी नीट रचलेल्या होत्या, आणि प्रत्येक फोडीवर पांढरे धागे जसेच्या तसे होते. एकही काढलेला नव्हता.

"त्याहीले दिसूनच नाही राहिलं आता," भूमिका म्हणाली. "मी काही बोलली नाही. खाल्लं तसंच."